पहिली परेड आणि वर्दी: एनसीसीच्या नव्या कॅडेटसाठी

जुलैमध्ये कॉलेजात एनसीसीची निवड होते, ऑगस्टच्या तोंडावर वर्दी हातात येते आणि १५ ऑगस्टला पहिली परेड. मधे जेमतेम दहा-बारा दिवस मिळतात. तेवढ्यात नवा कॅडेट सावधान-विश्राम शिकतो, हात खांद्यापर्यंत नेऊन चालायला शिकतो, 'दाहिने देख'ला मान वळवायला शिकतो. वर्दीचं मात्र कुणी बसून शिकवत नाही. 'टर्नआउट (म्हणजे वर्दीतला नीटनेटकेपणा) चांगला ठेवा' एवढंच कानावर पडतं. मग नेमकं झेंडावंदनाच्या वेळी कुणाची बेरेट, म्हणजे लोकरीची टोपी, उडते, कुणाच्या बुटाचा तळ सुटतो, कुणाची पँट उसवते. अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तो प्रसंग फार लागतो. पहिल्याच परेडला असं झालं म्हणून एनसीसी सोडून गेलेली दोन मुलं मला माहीत आहेत. दोघंही उत्तम कॅडेट झाले असते.

मी तीन वर्षं आर्मी विंगमध्ये होतो, शेवटच्या वर्षी सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांतला सगळ्यात वरचा हुद्दा. तेव्हापासून दर १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधी नव्या मुलामुलींची वर्दी तपासायला जातो. त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगतो. आर्मी विंगची खाकी डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, पण नेव्हीच्या पांढऱ्या आणि एअर विंगच्या निळसर वर्दीलाही यातलं बरंचसं लागू आहे.

आधी माझ्या पहिल्या वर्षाचं. स्टोअरमधून मिळालेली पँट मला ढगळ वाटली, म्हणून नाक्यावरच्या शिंप्याकडून मांडीला आणि गुडघ्याला घट्ट करून घेतली. आरशात झकास दिसत होती. १५ ऑगस्टच्या सकाळी 'थम'ला, म्हणजे थांबण्याच्या हुकमाला, गुडघा वर घेतला आणि आसनाची शिवण खालपासून पार पट्ट्यापर्यंत उसवली. कापड फाटल्याचा आवाज दोन्ही बाजूंच्या मुलांनी ऐकला. माझा हात आपोआप मागे जायला निघाला, तेवढ्यात मागच्या रांगेतला जोडीदार ओठ न हलवता म्हणाला, "हलू नको." मी हललो नाही. राष्ट्रगीत झालं, भाषण झालं, बक्षिसं झाली, विसर्जन झालं. उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांनी, स्वतःची जर्सी काढून माझ्या कमरेला बांधायला दिली आणि त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पहिल्या वर्षाला पूर्ण वर्दीत फॉल इन केलं, म्हणजे रांगेत उभं केलं, आणि वीस वेळा उकिडवं बसायला लावलं. त्यात आणखी तीन पँटी उसवल्या, पण त्या मैदानावर लोकांपुढे नाही, स्टोअरच्या दारात. माझ्यासाठी वर्दीचं शिक्षण तिथे सुरू झालं.

वर्दी हातात आली त्याच दिवशी

नवीन शिवून घेतलेली असो की जुनी इश्यू झालेली, पहिली परीक्षा उकिडवं बसण्याची. पूर्ण वर्दी घाला, पट्टा आवळा आणि दहा वेळा उकिडवे बसून उठा. मग एकेक गुडघा पोटापर्यंत वर घ्या. मग दोन्ही हात डोक्यावर सरळ करा. कुठे ताण आला, कुठे टाका 'टच' असा वाजला, शर्ट पँटीतून किती वर आला, सगळं लगेच कळतं.

पँट घट्ट करून घेऊ नका. आपल्याकडच्या कवायतीत 'मुड' (वळण्याचा हुकूम) आणि 'थम'ला पाय उचलून आपटतात, आणि तेव्हा सगळा ताण आसनावर येतो. जीन्सचं कापड तो ताण सोसतं, वर्दीचं सोसत नाही. शिंप्याला दोनच गोष्टी सांगा: आसनाला दुहेरी शिलाई मार, आणि आत दाब सोड. पँट बुटावर किंचित टेकेल इतकी लांब असावी. अँकलेट (घोट्यावर बांधायच्या पट्ट्या) घालायचे असतील तर पँट तळाशी किती दुमडावी लागते, ते घालूनच बघा.

मग बटणं. प्रत्येक बटण दोन बोटांत धरून ओढा. इस्त्रीवाल्याकडे जाऊन आलेल्या शर्टाच्या खिशाची बटणं निम्मी तरी ढिली असतात, एखादं अर्धं तुटलेलं असतं. शिवताना बटण कापडाला चिकटवून शिवू नका, खाली दोऱ्याचा छोटा देठ ठेवा. त्यामुळे काजात बटण बसतं आणि दोरा कापला जात नाही. पँटीचा हूक शिवतानाही हेच. चेन अर्ध्यात अडकत असेल तर मेणबत्ती घासा, आणि आपोआप खाली घसरत असेल तर ती बदलाच. परेडच्या दिवशी सेफ्टी पिनवर विसंबू नका, गुडघा वर घेताना ती उघडते आणि टोचते.

इथे खाकीबद्दल एक सांगावंसं वाटतं. खाकी हा शब्द खाक म्हणजे धुळीवरून आला. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीवर हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या गाइड्स पथकासाठी धुळीच्या रंगाचे कपडे काढले आणि तिथून हा रंग जगभरच्या सैन्यांत गेला. धूळ लपावी म्हणूनच तो रंग. पण खाकीवर घाम लपत नाही, पाण्याचा थेंब लपत नाही आणि बुटाच्या पॉलिशचा डाग तर मुळीच लपत नाही. वर्दी चढवल्यावर बुटाला हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

बेरेट

सगळ्यात जास्त फजिती बेरेटची होते, म्हणून इथे जरा थांबतो.

नवीन बेरेट डोक्यावर ठेवली की फुगलेल्या पुरीसारखी दिसते. तिला आकार द्यावा लागतो आणि तो डोक्यावरच द्यावा लागतो. कोमट पाण्यात बेरेट पूर्ण भिजवा. पाणी उकळतं नको, लोकर आक्रसते आणि मग ती टोपी तुमच्या धाकट्या भावाच्या कामाची. पिळू नका, दोन तळहातांत दाबून पाणी काढा. मग डोक्यावर चढवा. चामड्याची पट्टी भुवयांच्या वर दोन बोटं, सगळीकडून सारख्या उंचीवर. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर. उरलेलं कापड उजवीकडे ओढून कानाकडे दाबत बसवा. मागे सुरकुती राहिली तर हाताने पुसून काढा. आता ती डोक्यावरच निम्मी वाळू द्या, तास-दीड तास लागतो. आमच्याकडे मुलं बेरेट घालून अभ्यासाला बसतात. पुढचं वाळवणं डोक्याच्या मापाच्या स्टीलच्या डब्यावर किंवा पातेल्यावर. एकदा भागत नाही, दोन-तीनदा करावं लागतं. कापडावरची लव जास्त असेल तर कोरड्या बेरेटवर साधं दाढीचं ब्लेड अलगद फिरवतात, पण हे पहिल्यांदा सीनियरच्या देखरेखीखालीच करा. हात जड पडला की भोक.

मागच्या बाजूला जी फीत असते ती शोभेची नाही. ती ओढून टोपीचं माप डोक्याला बसवायचं, घट्ट गाठ मारायची आणि टोकं आत खोचायची. ज्या मुलांच्या बेरेट वाऱ्याने उडतात, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ही फीत कधी ओढलेलीच नसते. नुसता झुपका करून आत ढकललेला असतो. परीक्षा सोपी आहे: बेरेट घाला आणि ओणवे होऊन मान जोरात हलवा. पडली तर फीत आणखी आवळा. कपाळावर लाल वळ उठला तर जरा सैल करा, नाहीतर अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागेल.

बॅज आणि त्यामागचा लाल तुरा, म्हणजे हॅकल, यांचं वेगळं दुखणं असतं. बॅजच्या मागे पितळी कड्या असतात आणि त्यांतून पिन जाते. पिन ढिली असली की बॅज फिरतो आणि सॅल्यूटच्या वेळी तो आडवा दिसतो. बॅजच्या आत, कापडाच्या मागे, प्लॅस्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, बॅज ताठ उभा राहतो. पिनेची टोकं वाकवून त्यावर चिकटपट्टी लावा. एका मुलीच्या कपाळावर पिन टोचून रक्ताचा बारीक ओघळ भुवईपर्यंत आलेला मी पाहिलाय. ती सलामी होईपर्यंत हलली नाही. तिला शाबासकी मिळाली, पण ती वेळ यायला नको होती. दोन इंच चिकटपट्टीचं काम होतं.

बूट

नव्या कॅडेटला बूट म्हटलं की चमकच आठवते. चमक हवीच, पण आधी तळ बघा.

बुटाची टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरून बूट वाकवा. तळ आणि वरचं चामडं यांच्यात नखाएवढी फट दिसली तरी तो बूट परेडला चालणार नाही. वर्षभर खोक्यात किंवा स्टोअरच्या दमट कोपऱ्यात पडून राहिलेल्या बुटाचं सोल्युशन वाळतं, रबर चिरतं, आणि वरून बूट अगदी नवा दिसत असतो. 'तेज चल'च्या पंधराव्या पावलाला तळ पुढून उघडतो आणि मग प्रत्येक पावलाला फटाक फटाक वाजतो. मोच्याकडून नुसतं चिकटवून आणू नका, कडेने शिवूनच घ्या.

गार्ड ऑफ ऑनरला किंवा निवडीच्या स्पर्धेला नाल ठोकलेले बूट घालायचे असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नाल मैदानावर आवाज देते आणि फरशीवर घात करते. कॉलेजच्या पोर्चमधली कोटा फरशी, सभागृहाच्या पायऱ्या, मंचावरचा संगमरवर, आणि त्यात पावसाचं पाणी. पाहुण्यांना पायलटिंग करत, म्हणजे त्यांच्यापुढे चालत, नेणारा कॅडेट अशाच फरशीवर पडतो. जिथे चालायचं आहे तिथे त्याच बुटांनी आदल्या दिवशी चालून बघा. फरशीवर टाच आपटू नका, पूर्ण तळवा टेकवा, पाऊल थोडं आखूड घ्या. कुणी 'जोर कमी पडला' म्हणालं तर म्हणू द्या.

आता चमक. मला ती शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी शिकवली, त्यांच्या ओट्यावर बसून. जुन्या बनियनचा मऊ तुकडा दोन बोटांना घट्ट गुंडाळायचा, मागे पीळ देऊन मुठीत धरायचा, म्हणजे बोटांवर एक सुरकुती राहत नाही. डबीतलं पॉलिश अगदी थोडं, बोटाच्या टोकाला लागेल इतकंच. बुटाच्या टोकावर नाण्याएवढे गोल फिरवायचे. चामडं धुरकट झालं की डबीच्या झाकणातल्या पाण्यात बोट टेकवून एक थेंब घ्यायचा आणि तसेच गोल फिरवत राहायचं. धुरकटपणा जातो, खालून काळा आरसा वर येतो. मग पुन्हा पॉलिश, पुन्हा थेंब. काका म्हणायचे, "घाई केलीस तर पॉलिश निघतं, दम धरलास तर बसतं." पहिल्यांदा एका बुटाला दोन तास लागतात. ही चमक फक्त टोकाला आणि टाचेला आणा. जिथे बूट वाकतो तिथे थर चढवलात तर चालताना त्याच्या खपल्या पडतात आणि त्या मोज्यांवर, पँटीवर सांडतात.

लेस सरळ आडव्या ओवा, शेवटी दुहेरी गाठ मारा आणि टोकं अँकलेटच्या किंवा बुटाच्या आत खोचा. लोंबणाऱ्या लेसवर तुमचा नाही, मागच्याचा पाय पडतो. आणि नवे बूट थेट परेडला घालू नका. आठवडाभर घरात, दोन मोजे घालून, रोज तासभर वापरा.

पट्टा आणि पितळ

इथे फार काही नाही, पण एक चूक सगळे करतात. पितळेला ब्रासो (पितळ चमकवायचं पॉलिश) लावताना ते कापडाला लागतं, वाळल्यावर पांढरट डाग राहतो आणि तो धुऊनही नीट जात नाही. पुठ्ठ्याला फट पाडून बक्कल त्यातून वर काढा, मग घासा. पट्ट्याला ब्लँको (कापडी पट्ट्याला द्यायचा रंग) लावलं असेल तर ते पूर्ण वाळू द्या, एक रात्र तरी. ओल्या ब्लँकोचा पट्टा घातलात तर शर्टाला कमरेभोवती रंग लागतो आणि पट्टा काढेपर्यंत तो तुम्हाला दिसतही नाही. शर्टाच्या बटणांची कड, बक्कलची कड आणि चेनची कड एका रेषेत आली पाहिजे. तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. नावाची पट्टी उजव्या खिशावर. घाईत ती डावीकडे लावणारे दरवर्षी निघतात.

खळ, इस्त्री आणि पाऊस

घरी खळ करायची तर साबुदाण्याची सगळ्यात चांगली. दोन चमचे साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, फडक्यातून गाळा, अर्ध्या बादली पाण्यात मिसळा आणि कपडे उलटे करून त्यात बुडवा. गाळलं नाही तर गुठळ्या राहतात आणि इस्त्रीखाली त्यांचे चकचकीत ठिपके उठतात. खळ जास्त झाली तर पँटीचे पाय आतून एकमेकांना चिकटतात. ते सकाळी सहा वाजता घाईत ओढून सोडवताना कापड फाटतं, म्हणून रात्रीच दोन्ही पाय हात घालून मोकळे करून ठेवा.

पण १५ ऑगस्टची खळ वेगळी आणि २६ जानेवारीची वेगळी. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात झेंडावंदन पावसाशिवाय झालेलं क्वचितच आठवतं. कोकणात, घाटमाथ्यावर तर विचारूच नका. भिजलेली कडक खळ लिबलिबीत होते, कपडा अंगाला चिकटतो, गुडघा वर घ्यायला पँट सुटत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये खळ अगदी हलकी घ्या आणि भर इस्त्रीवर द्या. नेव्ही विंगवाल्यांनी पावसाचा विचार अधिक करावा, कारण भिजलेला पांढरा कपडा पारदर्शक होतो. मुलांनी आत बाह्यांची पांढरी बनियन घालावी. मुलींनी आतले कपडे अंगाच्या रंगाचे निवडावेत, पांढरे नाहीत. पांढरे आतून जास्त उठून दिसतात. हे कुणी उघड सांगत नाही आणि नंतर मुली रडवेल्या होतात. माझ्या मते प्रत्येक युनिटमधल्या सीनियर मुलींनी हे पहिल्याच आठवड्यात बोलून टाकावं.

अंबाड्याचंही तसंच. केस ओले असताना बांधलेला अंबाडा वाळल्यावर सैल होतो. आदल्या रात्री केस धुवा, सकाळी कोरड्या केसांचा अंबाडा मानेवर खाली बांधा, काळी जाळी आणि काळ्याच पिना. अंबाडा उंच झाला तर बेरेट मागून उचलली जाते आणि मग फीत कितीही आवळा, ती बसत नाही.

आदली रात्र आणि ती सकाळ

रात्री सगळी वर्दी हँगरला टांगा आणि डोक्यापासून पायापर्यंत बोट लावत मोजा: बेरेट, बॅज, हॅकल, शर्ट, नावाची पट्टी, खांद्याचे बिल्ले, पट्टा, पँट, मोजे, अँकलेट, बूट. एका लहान पिशवीत सुई-दोरा, दोन बटणं, जादा लेस, काळ्या पिना, कोरडं फडकं आणि चिकटपट्टी भरा. ती पिशवी मैदानाच्या कडेला कुणाकडे तरी द्या, खिशात ठेवू नका. खिसे रिकामे हवेत. मोबाइल ठेवलेला खिसा दुरूनही फुगलेला दिसतो, आणि राष्ट्रगीताच्या वेळी तो वाजला तर त्याला इलाज नाही.

सकाळी खा. उपाशीपोटी येऊ नका, पोहे-केळं काहीतरी पोटात हवं. आणि मैदानावर गेल्यावर एक जोडीदार ठरवा. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. त्याने तुमची मागची बाजू बघायची, कॉलर, शर्टाची घडी, आसन, टाचा. तुम्ही त्याची. चेनबद्दलही स्पष्ट विचारायचं, लाजायचं नाही.

मैदानावर काही झालंच तर

एवढं करूनही होतं. नियम एकच शिका: आधी हुकूम, मग वर्दी. सावधानमध्ये असताना हात उचलायचा नाही. बेरेट पडली, पडू द्या. वाकून उचलायची नाही. शेकडो माणसांतल्या चार जणांना टोपी पडलेली दिसते, पण वाकणारा कॅडेट सगळ्यांना दिसतो. चालता चालता बूट निघाला तर मोज्यावर चालत राहा, कदम चुकवू नका. मागच्याने तो बूट लाथेने बाजूला सारायचा नाही, फक्त त्यावरून पाय जाणार नाही एवढं बघायचं. पँट उसवली तर मी केलं तेच करा, काहीही करू नका. विसर्जन झाल्यावर उस्ताद किंवा एएनओ सरांना (कॉलेजातले एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक) सांगा, ते मार्ग काढतात. त्यांनी हे शंभरदा पाहिलेलं असतं.

डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करत नाहीत, सावधान होऊन 'जय हिंद' म्हणतात. बेरेट पडल्यावर समोर अधिकारी आले की नवा कॅडेट घाबरून उघड्या डोक्याने सॅल्यूट ठोकतो, ते टाळा.

चक्कर हा वेगळा विषय, पण वर्दीशी जोडलेला. गुडघे ताठ आवळून बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो. आवळलेला पट्टा आणि ऊन त्यात भर घालतात. १ मेच्या परेडला हे हमखास होतं. बुटाच्या आत पायाची बोटं सतत हलवत राहा, पोटऱ्या आवळा-सोडा, गुडघे किंचित सैल ठेवा. बाहेरून काही दिसत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात आवाज घुमू लागला, तर तोल जाण्याआधी गुडघा टेकून खाली बसा. हा कमीपणा नाही. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम तीस अंशांच्या उन्हात झाली. युवराज विल्यम पाहणी करत होते, आणि लोकरी लाल कोट नि अस्वलाच्या कातडीच्या टोप्या घातलेले सराईत गार्ड त्यांच्यासमोर कोसळले. वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्यांची ही गत, तर तुमचा तर पहिला महिना आहे.

आणि रांगेतल्या बाकीच्यांनी हसायचं नाही. हे मी कडकपणे सांगतो. मघाशी म्हटलेली दोन मुलं गेली ती टोपी पडली म्हणून नाही, हसू ऐकू आलं म्हणून.

मैदानाबाहेर

वर्दीतली सगळ्यात अवघड वेळ माझ्यावर एसटी स्टँडवर आली. कॅम्प संपवून परतत होतो, पाठीवर पिट्टू, अंगावर पूर्ण वर्दी. बस खच्चून भरलेली. एक साठी उलटलेल्या आजी जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, "बस बाळा. कुठल्या बॉर्डरवर असतोस? माझा नातू पण फौजेत आहे." माझे कान तापले. पाच सेकंद मी गप्प होतो, आणि त्या पाच सेकंदांची मला आजही लाज वाटते. मग सांगितलं, "आजी, मी जवान नाही, एनसीसीचा कॅडेट आहे, कॉलेजात शिकतो. तुम्ही बसा." त्या बसल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मग चांगला शीक." वाटेत त्यांच्या मांडीवर माझी बेरेट होती.

म्हणून सांगतो, कुणी जवान समजलं तर तिथल्या तिथे खरं सांगा. एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली संघटना आहे, पण कॅडेट हा सैनिक नव्हे आणि त्याच्यावर सैन्यात जाण्याचं बंधनही नाही. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत ते कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत १६८ आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे लष्करी कपड्यांत आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना तसे कपडे वापरू नका असं आवाहन केलं, ते उगाच नाही. बाजारातून चट्ट्यापट्ट्यांची पँट आणून त्यावर एनसीसीचा शर्ट चढवणं, फोटोसाठी भावाला वर्दी देणं, बेरेट खिशात कोंबून अर्ध्या वर्दीत चहाच्या टपरीवर उभं राहणं, हे सगळं बंद. घालायची तर पूर्ण घाला, नाहीतर साधे कपडे घालून या आणि युनिटवर बदला. वर्दीत छत्री उघडत नाहीत, खिशात हात घालत नाहीत, चालता चालता वडापाव खात नाहीत. भूक लागली तर आडोशाला बसून, बेरेट बाजूला ठेवून खा.

परेड झाल्यावर

घरी आल्या आल्या आडवे पडू नका. आधी बुटांच्या लेस पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेलं चामडं तडकतं. ओले बोळे संध्याकाळी बदला. पितळ कोरड्या फडक्याने पुसा, घामाचे हिरवे डाग एका रात्रीत धरतात. खळीचा भिजलेला शर्ट तसाच गुंडाळून ठेवलात तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात, तो त्याच दिवशी साध्या पाण्यातून काढा. कुठला टाका सुटलाय, कुठलं बटण लोंबतंय, हे आत्ताच बघा आणि शिवून टाका, कारण पुढच्या परेडच्या आदल्या रात्री ते आठवणार नाही. बॅज आणि हॅकल काढून डबीत ठेवा. आणि बेरेट पुन्हा त्याच स्टीलच्या डब्यावर, उजवीकडे नीट ओढून.